साहेब रांगेत उभे राहतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातील खडकी, घोरपडी, वानवडी या भागांत राहणाऱ्यांना पहाटेचे एक दृश्य अंगवळणी पडलेले असते. पांढरे बनियन घातलेल्या जवानांची तुकडी रस्त्याच्या कडेने धावत जाते, बाजूने धावणारा हवालदार पावलांचा ताल मोजत असतो आणि दुधाच्या गाड्या क्षणभर थांबून तिला वाट देतात. सैन्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी अशी तुकडी दिसली की मी आधी चेहऱ्यांवरची वये पाहतो, कारण केस पिकलेला एखादा माणूस तिच्यात आहे का, हे मला शोधायचे असते. वरिष्ठ हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांनी जवानांबरोबर सामूहिक पीटीला उतरावे की नाही, हा आजचा विषय आहे. उतरावे, आणि तेही रांगेत उभे राहून, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीतील निम्म्याहून अधिक वर्षे मी पीटीचा उस्ताद होतो. सैन्याला शारीरिक प्रशिक्षणाचे शिक्षक घडवून देणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे. तेथे शिकलेले प्रशिक्षक देशभरातील पलटणींत जातात आणि जवान त्यांना उस्ताद म्हणतात. पीटी सुरू असेपर्यंत मैदानावर हुकूम उस्तादाचा चालतो, मग त्याच्या बाहीवर तीन फिती असोत की दोन. पुणेकरांना ही रीत परकी वाटू नये. मिसरूड फुटण्याआधी मी कसबा पेठेतील ज्या तालमीत जात असे, तेथील वस्ताद साठीला आलेले होते, तरी कुस्तीचा हौदा उकरण्यासाठी फावडे सर्वांत आधी तेच उचलत आणि आमच्याबरोबर जोर काढून मगच बोलायला लागत. त्यांचा शब्द आम्ही का मानतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे उत्तरेकडील एका पलटणीत असताना आमचे कमांडिंग ऑफिसर दर बुधवारी पीटीला येऊ लागले. वय त्रेचाळीसच्या आसपास असावे. ते समोर उभे न राहता तिसऱ्या रांगेत, एका ड्रायव्हरच्या आणि एका स्वयंपाक्याच्या मध्ये उभे राहत. पहिल्या बुधवारी सगळी रांग लाकडासारखी ताठ झाली होती, आणि खरे सांगतो, माझाही आवाज रोजच्यासारखा निघाला नाही. पीटी संपल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "उस्ताद, माझ्यामुळे आज तुमचा आवाज उतरला. पुढच्या बुधवारी तो चढलेला हवा." तो चढायला तीन बुधवार लागले. एक नाईक, जो एरवी धावण्यात सर्वांच्या पुढे असे, गेले काही आठवडे मागे पडत होता. मला ते दिसत होते, पण मी ते आळसाच्या खात्यात टाकले होते. साहेब त्याच्या शेजारून दोन किलोमीटर धावले, काहीही न विचारता धावले, आणि दुपारी त्याला बोलावून घेतले. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, सावकाराचा तगादा होता आणि या काळजीने तो रात्र रात्र जागा राहत होता. त्याला त्याच आठवड्यात रजा मिळाली. दर महिन्याच्या सैनिक संमेलनात त्याने एकदाही हात वर केलेला नव्हता. सगळ्या पलटणीसमोर उठून घरचे दुखणे सांगायला जवान दहा वेळा विचार करतो. चौथ्या किलोमीटरला मात्र शरीर काहीच लपवू शकत नाही, आणि ते पाहायला शेजारी धावणारा माणूस लागतो.

दुसऱ्या एका ठिकाणी मी याच्या उलट पाहिले. तेथील वरिष्ठ गाडीतून मैदानावर येत आणि हातात घड्याळ धरून धाव पाहत. त्या दिवशी वेळ उत्तम यायची आणि पुढच्या आठवड्यात, गाडी आली नाही की, ती पुन्हा घसरायची. जवान घड्याळासाठी धावत होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

इतिहासात या प्रश्नाची उत्तरे दोन्ही बाजूंनी मिळतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सेनाधिकाऱ्यांना तीन दिवसांत ९० मैल घोडदौड करून दाखवण्याची अट घातली आणि ती फार कडक असल्याची कुरकुर सुरू झाली, तेव्हा १३ जानेवारी १९०९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते स्वतः वॉशिंग्टनहून व्हर्जिनियातील वॉरेन्टनपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत आले. जवळपास ९८ मैल, आणि तेही हिवाळी वादळात. आपल्याकडे १९६२च्या ऑक्टोबरमध्ये लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल चीन सीमेवरील नामका चू नदीच्या आघाडीवर गेले, तेव्हा त्यांचेही वय पन्नासच होते. वाटेचा काही भाग त्यांना हमालाच्या पाठीवरून न्यावे लागले आणि पुढे उंचीवरच्या आजाराने त्यांना दिल्लीला परतावे लागले. हिमालयाची उंची आणि घोडदौड यांची तुलना करणे न्याय्य नाही, विरळ हवा धडधाकट तरुणालाही आडवे करते, आणि कोअर कमांडर स्वतः आघाडीपर्यंत गेले हे त्यांच्या धैर्याचेच लक्षण होते. तरीही सेनापतीचे शरीर ही त्याची खासगी बाब नसते, हे त्या दिवसांत फार महागात कळले. १९६५च्या भारत-पाक युद्धात पुण्याचे नाव धारण करणाऱ्या पूना हॉर्स रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, ज्यांचे शिक्षण पुण्यातच झाले होते, फिलोराच्या लढाईत जखमी झाले. मागे जाण्यास नकार देऊन ते १६ सप्टेंबरला वीरमरण येईपर्यंत रणगाड्यांचे नेतृत्व करत राहिले. तेव्हा त्यांचे वय ४२ होते.

वयाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. आपल्या सैन्यात ब्रिगेडियर ५६व्या, मेजर जनरल ५८व्या आणि लेफ्टनंट जनरल ६०व्या वर्षापर्यंत सेवेत असतात. त्यांच्या गुडघ्यांनी विशीतल्या जवानाशी शर्यत लावावी, असे कोणताही शहाणा उस्ताद म्हणणार नाही. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. पाठीवर सामान आणि हातात हत्यार घेऊन ५ किलोमीटर धावणे, ९ फुटी खंदक ओलांडणे, दोरावर चढणे ही बीपीईटीसारखी, म्हणजे सैन्यातील शारीरिक क्षमतेची, चाचणी प्रत्येकाची स्वतंत्रपणे घेतली जाते. सामूहिक पीटी ही चाचणी नाही. त्यात मागे पडलेल्याला कोणी नापास करत नाही, आणि ज्यांची वैद्यकीय श्रेणी खालावलेली आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच करावे, पण मैदानावर यावे. मोठ्या मुख्यालयांत, जेथे दिवस फायलींसमोर जातो, तेथे तर याची गरज पलटणीपेक्षाही अधिक आहे. साहेब रांगेत उभे राहिले तर शिस्त सैल होईल, ही भीती मला कधीच खरी वाटली नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वरिष्ठ रोज आले, छायाचित्रकार घेऊन आले किंवा रांगेतूनच सूचना देऊ लागले, तर पीटीची तपासणी होऊन बसते. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस पुरेत, वार ठरलेला असावा आणि त्या तासापुरता हुद्दा मैदानाच्या कडेला ठेवलेला असावा.

आमच्या त्या साहेबांच्या बदलीपूर्वीचा शेवटचा बुधवार मला नीट आठवतो. धाव संपली तेव्हा ते मागच्या दहांत होते. एरवी मैदानावर वरिष्ठ हजर असतील तर तुकडी सोडण्याची परवानगी उस्ताद त्यांच्याकडे मागतो. मी तसा वळलो, तर ते रांगेतच सावधान उभे होते आणि सरळ समोर पाहत होते. मी "विसर्जन" म्हणालो. ते सर्वांबरोबर उजवीकडे वळले, आणि रांग मोडून त्या ड्रायव्हरशी बोलत पाण्याच्या टाकीकडे चालू लागले.