लाकडी फरशी आणि खिडकीतला कूलर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडं लाकूड असायचं डोक्यावर. माळवदाच्या घरात सागवानी तुळया, त्यावर किलचन, वर पांढरी माती. पायाखाली शेणानं सारवलेली भुई, नाहीतर शहाबादी. आता लातूर-नांदेडच्या फ्लॅटांत तेच लाकूड पायाखाली आलंय. त्याला म्हणतात इंजिनिअर्ड वूड. घरोघरी अशा फरशा बसवणं हाच माझा धंदा.

दुकानात गेलात की फळी हातात घ्या आणि आडवी धरून तिची कड बघा. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायवूडचे उभे-आडवे थर दिसले, तर ते इंजिनिअर्ड. खाली नुसता तपकिरी दाबलेला भुसा आणि वर लाकडाचा छापील कागद असेल, तर ते लॅमिनेट. लॅमिनेट वाईट नाही, पण त्याला लाकडाचा भाव देऊ नका. वरचा थर 4 मिलीमीटर असेल तर पुढं एक-दोनदा घासून पॉलिश करता येतं. अर्धा-एक मिलीमीटर असेल तर घासायचं नाव काढू नका.

थर उलटसुलट का चिकटवतात? लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. थर आडवे-उभे असले की एकमेकांना धरून ठेवतात. तरीही थोडी हालचाल राहतेच. आपल्याकडं तर एप्रिल-मेमध्ये ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, आणि श्रावणात पापड मऊ पडतात. म्हणून फळ्यांचे बॉक्स आणले की त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडवे ठेवायचे, मगच काम सुरू. भिंतीलगत साधारण 10 मिलीमीटर फट सोडायची. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. मिस्त्री भिंतीला चिकटवून ‘एकदम टाईट बसवलं’ म्हणाला, तर पावसाळ्यात मधोमध फुगा येणार, हे लिहून ठेवा.

तळमजल्यावर राहत असाल तर आधी जमिनीची ओल तपासा. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस चिकटवून ठेवा. खाली दव जमलं, तर काम थांबवा. जुन्या फरशीवर रुपया वाजवून बघा. पोकळ वाजली तर ती आधी पक्की करा. काळ्या मातीवरच्या घरात हे फार होतं, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उंच-सखल भाग पाणसळ लावून सपाट करायचा, मग फोम, मग फळ्या. आणि हो, फरशी उंच होते, म्हणून दारं खालून तासावी लागतात. हे सगळे विसरतात, मीसुद्धा.

पुसायचं कसं? बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायची आपली दिवाळीची सवय इथं चालत नाही. फडकं घट्ट पिळायचं, आणि पुसून झालं की कोरडं फडकं फिरवायचं. ॲसिड, फिनेल लांबच ठेवा. खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा.

आता माझीच फजिती सांगतो. लोकांना उपदेश करणाऱ्या माझ्या घरात खिडकीतल्या कूलरची टाकी थेंब-थेंब गळत होती. आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाणी फळीखाली मुरत होतं. मग खिडकीजवळच्या तीन फळ्यांच्या कडा वाटीसारख्या वर आल्या. खालची बाजू ओली, वरची कोरडी, म्हणून त्या वळल्या. भिंतीकडून दोन रांगा उकलून फळ्या बदलल्या. त्याच लॉटचा एक बॉक्स माळ्यावर जपून ठेवला होता म्हणून निभावलं, तुम्हीही ठेवा. पण उन्हानं जुन्या फळ्यांचा रंग पिवळसर झालाय, नव्या तीन फिकट दिसतात. आईनं त्यांच्यावर तिची शिलाई मशीन ठेवलीय. कूलर आता बाहेर, लोखंडी स्टँडवर आहे.