चौथा सिलिंडर

(व्हिडिओ सुरू. पडदा काळा. फक्त इंजिनचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. सहा सिलिंडर एका लयीत चालले आहेत. आणि आता... इथे. एक ठोका चुकला. लगेच पुन्हा सगळं सुरळीत.

गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात, म्हणजे त्या क्षणी एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलंच नाही. गाडी मिसिंग करून राहिली, एवढं म्हटलं की समजतं. या एका चुकलेल्या ठोक्यामागे आमचा अख्खा उन्हाळा गेला.

(नागपूर, वर्धा रोड, पहाट. वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खालच्या रस्त्याने लाल गाडी.)

गाडी माझ्या दादाची. दोन सीटर, तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर, ताकद मागच्या चाकांना. सेकंडहँड घेतली, पण घरी आली त्या दिवशी आईने बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं नव्या गाडीसारखीच ओढली. दादाने कॉलेजात असल्यापासून या गाडीचा फोटो पाकिटात ठेवलेला. म्हणून मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल, ते सांगायला नको.

हा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकला तर पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून काढायचा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. नवा कन्व्हर्टर परवडत नाही, हे वेगळं सांगत नाही.

(स्कॅनरच्या पडद्यावर कोड: पी-०३०४.)

बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर असा कोड लिहून ठेवतो, स्कॅनर तो वाचतो. शेवटचा ४ म्हणजे चौथा सिलिंडर. गाडीला हे कळतं कसं? ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांना, या इंजिनमध्ये सेकंदाला १५० ठिणग्या पडतात, प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला २५. पाळी ठरलेली आहे: १-५-३-६-२-४. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक दातेरी चक्र असतं आणि शेजारी सेन्सर. एकेक दाता पुढे सरकायला किती वेळ लागला, हे कॉम्प्युटर सतत मोजतो. चौथ्याच्या पाळीला चक्र किंचित मंदावलं की त्याच्या नावावर एक मिस लिहिला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात चाललेला हा हिशेब आहे. मला तो समजला तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला तेच सांगत होतो.

पण कोड फक्त कुठे ते सांगतो. का, ते सांगत नाही.

पहिल्या वर्कशॉपने ठिणगी पाडणारे सहाही प्लग बदलले. दुसऱ्याने सहाही इग्निशन कॉइल. चढावर, जोर लावताना मिस मारते म्हटल्यावर कॉइलवर संशय जाणं साहजिक होतं. जोर लावला की सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबली जाते आणि प्लगच्या टोकांमधली जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टचे पंचवीस-तीस हजार करणारी कॉइल थकलेली असली तर नेमकी तिथे मार खाते. तर्क बरोबर, पण पडताळून कोणी पाहिला नाही. पैसे गेले, मिसिंग तसंच.

बाकी सगळे उन्हाकडे बोट दाखवत होते. मे महिन्यात नागपुरात कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं.

(हिंगणा रोड. पत्र्याचं शेड, मोठा कूलर, बाहेर कडुनिंब.)

इथे काका भेटले. पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेला माणूस. दादा कोड सांगू लागला, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“कोड राहू दे बाबू. कधी करते ते सांग मले.”

“चढावर करते काका, पण कधीही करते.”

“कधीही नाही करत. तुले अजून दिसलं नाही.”

आणि त्यांनी दादाच्या हातात शाळेची शंभर पानी वही दिली. पंधरा दिवस पार्ट बदलायचा नाही, फक्त लिहायचं.

(वहीची पानं, जवळून.)

दुपारी २, ऊन ४४ अंश, एसी चालू, व्हरायटी चौकात ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं: नाही.
समृद्धीवर शिवमडक्यापासून तासभर, १२० चा स्पीड, सहावा गिअर: नाही.
सेमिनरी हिल्स, पहाटे साडेपाच, गार हवा, दुसरा गिअर, चढावर पाय दाबला: हो.
तीच जागा, तोच गिअर, सावकाश चढवली: नाही.

वाचता वाचता काकांनी उन्हावर काट मारली. पहाटेच्या गारव्यात करते आणि भर दुपारी करत नाही, मग उन्हाचा काय संबंध?

मग अदलाबदल. चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर, चौथ्याचा प्लग सहाव्यात, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर पहिल्यात. पार्ट खराब असता तर मिसिंग त्याच्यासोबत सरकलं असतं. नाही सरकलं. कोड चौथ्यावरच. कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबल्यावर होणारा दाब, सहाही सिलिंडरचं १७० ते १८० पीएसआयच्या मधे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगाही ठीक. उरली वायरिंग. मल्टीमीटर लावला, तर वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. त्या संध्याकाळी दादा काही न बोलता घरी आला आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी जे केलं, त्यासाठीच मी हा व्हिडिओ बनवला.

(बॉनेट उघडं. चारही चाकांना लाकडी गुटके. गाडीसमोर कोणी नाही.)

हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक घट्ट. दादाने पहिला गिअर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच अर्धा सोडला. गाडी हलत नाही, पण इंजिनला जोर लागतो. पाहा, इंजिन एका बाजूला कलतं. आणि... टुक. टुक-टुक. स्कॅनरवर चौथ्याच्या मिसचा आकडा ० वरून ७, मग १९.

“आता रिव्हर्स टाक.”

तेवढीच रेस, तेवढाच जोर. इंजिन दुसऱ्या बाजूला कललं. मिस एकही नाही.

पेट्रोल तेच, ठिणगी तीच. बदलली ती फक्त कलण्याची दिशा. माझ्या अंगावर काटा आला. इंजिन एका बाजूला झुकलं की काहीतरी ताणलं जातं.

(स्लो मोशन. मोबाइलचा शॉट.)

वायरिंगच्या या काळ्या जुडग्याकडे पाहा. इंजिन झुकतं तसं ते क्लिपपाशी तारेसारखं ताठ होतं. काकांनी तिथली टेप ब्लेडने उघडली. चौथ्या कॉइलला १२ व्होल्ट नेणारी वायर वरून धड होती. पण बोटांनी दाबत गेलं की एका जागी मऊ लागायची, आत हाडच नसल्यासारखी. मलाही त्यांनी बोट लावायला दिलं.

तिथे त्यांनी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. वायर सैल असताना उजेड पिवळट. जरा ओढली की बल्ब फडफडला. मल्टीमीटर तपासताना अगदी नावापुरता करंट पाठवतो, तेवढा एखाद-दोन उरलेल्या तारांतूनही जातो. कॉइलला मात्र क्षणभर सात-आठ अँपिअर लागतात. इन्सुलेशन सोललं तेव्हा आतलं तांबं हिरवं पडलेलं होतं, बहुतेक तारा तुटलेल्या.

मला वाटलं, झालं. दादा तर हसायला लागला होता. काका मात्र गाडीखाली गेले.

“वायर कमजोर नव्हती जी. इंजिन इतकं कलतेच काऊन?”

(टॉर्चचा उजेड. इंजिन माउंटिंग.)

इंजिन दोन बाजूंच्या रबरी आधारांवर, म्हणजे माउंटिंगवर, बसतं. त्यातल्या एका बाजूच्या माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलं होतं. इतक्या वर्षांच्या तापमानाने ते कडक होऊन तडकलं. त्या बाजूने इंजिनला धरून ठेवणारं काही उरलं नाही, आणि दर वेळी जोर लावला की सगळा ताण त्या क्लिपपाशी येत राहिला. नुसती वायर जोडून सोडली असती, तर काही महिन्यांनी ती पुन्हा तुटली असती.

दोन्ही माउंटिंग नवी बसली. वायरला सोल्डरचा डाग दिला नाही. शिशाने वायर ताठ होते आणि कंपनांनी डागाच्या शेजारीच तुटते, असं काकांचं म्हणणं. नवा तुकडा क्रिंप केला, म्हणजे दाबून जोडला, वर आकसणारी नळी चढवली, क्लिप सरकवली आणि जुडग्याला दोन बोटं ढील ठेवली.

(सेमिनरी हिल्स, पहाट. फिरायला आलेली माणसं. स्कॅनर दादाच्या शेजारी, माझ्या मांडीवर.)

दुसरा गिअर. १,५०० आरपीएम. दादाने पाय पूर्ण दाबला. माझी नजर चौथ्या रकान्यावर.

शून्य. चढ संपला, शून्य. दादाने गाडी वळवली आणि पुन्हा खालून सुरुवात केली. तीनदा चढलो. तिसऱ्यांदा मी स्कॅनर बंद करून नुसता आवाज ऐकला.

परत येताना काकांना फोन लावला. ते म्हणाले, “बरं. पाचशे किलोमीटर झाले की आणजो, माउंटिंगचे बोल्ट एकदा आवळून पाहू.”