बोका गोधडी तिंबतोय? तिंबू दे, पण नखं अडकली तर ओढू नका!

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? मागे कुकर लावलाय, मधेच शिट्टी होईल, त्याला इलाज नाही.

तर मागे मी आमच्या बोक्याची, झुणक्याची ती रील टाकली होती, आजीच्या गोधडीवर बसून साहेब पुढच्या पंज्यांनी कणीक तिंबल्यासारखे दाबतायत, डोळे अर्धे मिटलेले, घुर्रघुर्र चालू. त्याच्याखाली निम्म्या लोकांनी "कित्ती गोड" लिहिलं आणि उरलेल्यांनी एकच विचारलं, ताई ती गोधडी टिकते कशी? नाही टिकत! हा बघा, हा डावा कोपरा, जरा जवळ आणते. हे दोरे लोंबतायत, इथे आजीच्या जांभळ्या नऊवारीचा तुकडा होता, त्याचा धावदोरा पार उसवलाय. आणि खरं सांगू का, यातलं अर्ध्याहून जास्त काम बोक्याचं नाही, माझं आहे. कसं ते सांगते.

आधी ते "का करतात" उरकून टाकू. पिल्लू दूध पिताना आईचं पोट असं पुढच्या पायांनी दाबतं, त्याने दूध सुटतं. मोठी झाली तरी ती सवय राहते, मऊ काही मिळालं, झोप आली, बरं वाटलं की सुरू. पंज्याच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे "हे माझं" असा शिक्काही बसतो. माजावर आलेली मांजरी जरा जास्त करते. झालं, एवढंच. "लवकर आईपासून तोडलं म्हणून करतो" असं दर व्हिडिओखाली कुणीतरी छातीठोकपणे लिहितं. अहो, आईजवळ मनसोक्त वाढलेली मांजरंही तिंबतात. कुणाचं काही चुकलेलं नाहीये, उगाच मनाला लावून घेऊ नका. आणि ही सवय मोडायची नाहीये, त्यासाठी ओरडायचं नाही, तोंडावर पाणी उडवायचं नाही. आपल्याला फक्त गादी वाचवायचीय.

आता मुद्दा. नख अडकलं की आपण काय करतो? ओढतो. "अरे सोड, फाटेल" म्हणत बोक्याला बगलेत धरून उचलतो आणि टर्रर्र. आजीच्या गोधडीचं हेच झालं. मी आंघोळ करून आले, हा तिंबत बसलेला, मी घाईत होते, उचलला. त्याची दोन नखं दोऱ्यात होती, मला दिसलीच नाहीत. तो घाबरला, घाबरल्यावर मांजर नखं आणखी बाहेर काढून घट्ट धरणार, सोडणार थोडीच? एक अख्खी ओळ उसवली. आजी असती तर बोक्याला काही बोलली नसती, मला बोलली असती.

हे बघा, मांजराचं नख सरळ नसतं, आकड्यासारखं आत, त्याच्याकडे वळलेलं असतं. ब्लाऊजचा हूक आठवा. हूक काढताना आपण दोन्ही बाजू लांब ओढतो का? नाही ना, आधी जवळ आणतो, ढील देतो, मग हूक आपोआप सुटतो. अगदी तेच करायचं. एका हाताने कापड बोक्याच्या दिशेने सरकवा, दुसऱ्या हाताने पंजा हलकेच पुढे ढकला, पुढे म्हणजे त्याच्या अंगापासून लांब, आणि मग वर उचला. सुटलं! मांडीवर बसून कुर्त्यात अडकला तरी हेच, साडीचा पदर असला तरी हेच, पदर जिवाच्या आकांताने खेचायचा नाही. पुरुष मंडळी लिहितात आमची लुंगी. हो दादा, लुंगीलाही हेच.

एका ताईंनी लिहिलं, "मी नखं कापते तरी अडकतात." मी त्यांना विचारलं, किती कापता? म्हणाल्या पुढची आठ. तर आठ नाहीत, दहा! पुढच्या प्रत्येक पायाला पाच, मागच्याला चार, एकूण अठरा. पाचवं ते अंगठ्याचं, जरा वर, आतल्या बाजूला, केसात लपलेलं. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, गोल गोल वाढतं, कधी कधी चक्क गादीत रुततं, म्हणजे त्याच्या पंज्याच्या गादीत, तुमच्या नव्हे. दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. जेवून सुस्तावलेला असताना मांडीवर घ्यायचा, बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं, आत गुलाबी रेघ दिसते तो जिवंत भाग, त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबायचं, फक्त पुढचं अणकुचीदार टोक उडवायचं. एका बैठकीत दहाही झाली पाहिजेत असं काही नाही. झुणका दोन नखांनंतर माझ्याकडे असा बघतो की मीच उठून जाते. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन दाबून धरा, थांबत नसेल तर व्हेटकडे. आणि आपलं बोथट नेलकटर वापरू नका, त्याने नख चेपून चिरतं आणि ती चीर कापडात आणखी अडकते, मग तुम्ही म्हणणार कापली तरी अडकतात.

"नखं कायमचीच काढून टाकता येतात ना?" असंही विचारलंत. नाही. म्हणजे येतात, पण ते नख काढणं नव्हे, बोटाचं शेवटचं हाड कापणं आहे. आपल्या बोटाचं टोकाचं पेर कापल्यासारखं. न्यूयॉर्क राज्याने 2019 साली त्यावर कायद्याने बंदी घातली. बेडशीटसाठी बोटं कापायची? पुढे जाऊ, नाहीतर माझं डोकं फिरेल.

नाही, थांबा, फिरलंच आहे तर हेही सांगून टाकते. एका काकांचा सल्ला, गादीखाली डांबरगोळ्या ठेवा, मांजर फिरकणार नाही. त्याला चाळीस लाइक! मी ती कमेंट उडवली, त्यांना राग आला. काका, डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन, मांजराला विष आहे. निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, फिनेलचा बोळा, सगळं तेच. आपलं यकृत जी काही रसायनं निकामी करून बाहेर टाकतं त्यातली बरीचशी मांजराच्या यकृताला जमत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. म्हणून पांघरुणाला कसलाही उग्र वास लावायचा नाही. गोधडीला नवी कापडं जोडता येतील, मांजराला नाही.

बरं, मग गादीवर काय घालायचं? त्याची स्वतःची एक चादर. सोपं वाटतं, पण लोक ती चादर कोपऱ्यात टोपलीत ठेवतात आणि म्हणतात "बसतच नाही". तो तुमच्या पायाशी तिंबतो तर चादर तुमच्या पायाशी हवी! जिथे करतो तिथेच, आणि खालच्या पांघरुणापेक्षा मऊ. फ्लीसचं ब्लँकेट छान चालतं. टर्किश टॉवेल नको, सोलापूरचा असला तरी नको, कारण त्याला सगळीकडे फास असतात आणि फास म्हणजे नखाला आमंत्रण. विणलेली शाल नको. सोलापुरी चादर मात्र आमच्याकडे टिकलीय, केस बसतात, एखाददुसरा दोरा निघतो, बाकी ठणठणीत.

दुलई किंवा गोधडी महत्त्वाची असेल तर तिला खोळ शिवा, पॉपलीनची, घट्ट विणीची. दुकानात कापड घेताना उजेडासमोर धरा, भोकं भोकं दिसली तर वीण सैल, ठेवून द्या. आमच्या शिंपीकाकांनी विचारलं, गोधडीला खोळ? कुणी पाहुणे येणारेत का? मी म्हटलं पाहुणे नाहीत, घरातलाच आहे. तिंबायला सुरुवात झाल्यावर चादर सरकवायची असेल तर त्याच्या पंज्याखाली घुसवू नका, बाजूला पसरा, हात फिरवा, तो स्वतः येतो. नाही आला तर त्या दिवशी सोडून द्या. आणि ती चादर रोज धुऊ नका, वास गेला की त्याला परकी वाटते.

दोरा निघालाच असेल तर? परत तेच, ओढू नका! आणि कापूही नका. बेडशीटचा फास वर आला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचं कापड आडवं उभं हलकेच ताणा, बराचसा दोरा परत आत जातो. जो उरेल तो बोथट सुईने उलट्या बाजूला ढकला. कापलात तर तिथे भोक पडतं, आज नाही पडलं तर दोन धुण्यांनी पडेल. गोधडीच्या धावदोऱ्याला जरा चिकाटी लागते, शेजारच्या टाक्यापासून सुरुवात, सुईच्या टोकाने एकेक टाका थोडा थोडा सैल करत ढील पुढे न्यायची. मी रविवारी दुपारी बसले होते, एक वीत व्हायला अर्धा तास. आई बघून म्हणाली, एवढी चिकाटी दहावीला दाखवली असतीस तर.

आणि तिसरं ओढू नका, हे हसण्यावारी नेऊ नका. काही मांजरं तिंबता तिंबता कापड चोखतात, लोकर चावतात. सयामीमध्ये हे जास्त दिसतं, पण आपल्या देशी बोक्यातही असतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला अवघड, तो गिळतच जातो. तोंडातून दोरा लोंबताना दिसला, किंवा शी करताना मागून दिसला, तर ओढायचा नाही. दुसरं टोक जिभेखाली नाहीतर आतड्यात अडकलेलं असू शकतं, ओढलं तर आतडं कापलं जातं. सरळ व्हेटकडे. उलट्या, जेवण बंद, कोपऱ्यात लपून बसणं, हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. म्हणून गोधडीचे लोंबते दोरे रात्री झोपायच्या आधी आत खोवा, रील करण्याच्या नादात हे माझ्याकडूनही राहतं, आज सकाळीच दोन सापडले.

झाली शिट्टी. तिसरी होती ना? काळ्या नखांचं विचारलंय खूप जणांनी, गुलाबी रेघ दिसत नाही मग कापायचं कुठे. झुणक्याची नखं पांढरी आहेत, त्याच्यावर दाखवून उपयोग नाही. माझ्या बहिणीच्या मांजरीची काळी आहेत, ती दोघं पुढच्या रविवारी नाशिकहून येतायत, तेव्हा दाखवते. तोपर्यंत फक्त टोकाचा बारीक आकडा तेवढा काढा, त्याच्या आत जाऊ नका.