धुरी

(सकाळ. न्हाणीतला ओला दगड. पंच्यात गुंडाळलेलं बाळ.)

अंघोळ झाली, आता धुरी. घमेल्यात गोवरीचे निखारे. त्यावर आजी चिमूटभर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकते. तडतड होते, पांढरा धूर उठतो, आणि आजी बाळाला त्यावरून अलगद फिरवते. बाळ शिंकतं. "बघ, डोकं मोकळं झालं!"

आजीची माया खरी. शिंक मात्र सांगतेय की नाकाला धूर सोसत नाही.

बाळदम्याची गोष्ट या घमेल्याच्या बरीच आधी सुरू होते. पोटातल्या बाळाच्या श्वासनलिकांना फाट्यांतून फाटे फुटत जातात, आणि ते काम सोळा-सतरा आठवड्यांत उरकतं. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरेपर्यंत फुफ्फुसातले सगळे रस्ते आखून झालेले असतात. राहतात ते टोकाचे वायुकोश. त्यांतले बहुतेक जन्मानंतर, पहिल्या काही वर्षांत तयार होतात.

गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांची फुफ्फुसं जन्मापासूनच थोडी कमी चालतात, हे मोजून पाहिलेलं आहे. 'आमच्याकडे कोण बाई सिगारेट ओढते?' असं म्हणाल. पण मिसरी? तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड, डबीत ठेवलेली, सकाळी दाताला लावायची. तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. निकोटिन मात्र नाळेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू खाणाऱ्या, मिसरी लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पुढे दम्याचा धोका अधिक.

उलट्या बाजूनेही चूक होते. आईलाच दमा असतो. दिवस राहिले की कुणीतरी सांगतं, "पंप बंद कर, बाळाला बाधेल." खरं तर बाळाला जास्त बाधतो तो आटोक्यात नसलेला दमा.

(गोठा. दावणीला गाय. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ.)

मग बाळापासून गोठाही लांब ठेवायचा? इथे शास्त्रज्ञही चक्रावले होते. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचं मूळ युरोपातलं, खाणंपिणं बरंचसं सारखं. आमिश घोड्यांनी शेती करतात, त्यांचे गोठे घराला लागून. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, आणि मुलं गोठ्यापासून दूर. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आमिश घरांतल्या धुळीने उंदरांचंही दम्यापासून रक्षण केलं. म्हणजे गोठ्यातल्या धुळीला सरसकट दोष देता येत नाही. त्याच गाईच्या शेणाची गोवरी पेटली, की हिशेब बदलतो.

एक दिलासाही आहे. लहानपणी छाती घरघरणाऱ्या प्रत्येक बाळाला दमा होत नाही. पुष्कळांची घरघर शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप थांबते.

(अंगण. वही घेऊन आलेली आशाताई.)

"घरात चूल पेटते का हो?"

"नाही ताई, गॅस आहे की."

"आणि अंघोळीचं पाणी?"

"ते मागच्या चुलीवर."

मागे फुंकणी घेऊन धाकटी जाऊ बसलीय. तिला पाचवा महिना लागलाय.