भोंगा थांबल्यावरचं संगीत

इंडस्ट्रियल म्युझिक म्हटलं की आपल्याला घणाचे घाव आणि यंत्रांची धडधड आठवते. त्यात चूक काही नाही. पण हे नाव पडलं तेव्हा त्यात यंत्रांपेक्षा टवाळी जास्त होती.

1975 साली लंडनमध्ये चौघांनी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा गट काढला. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टूटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर. पुढच्या वर्षी घरचीच रेकॉर्ड कंपनी, ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’. ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे घोषवाक्य त्यांना मोंटी कझाझा या मित्रानं सुचवलं. रोख कळला ना? गाणी तशीही साबणाच्या वड्यांसारखीच विकली जातात, मग आम्ही ते उघड म्हणतो, एवढंच. 1977च्या त्यांच्या रेकॉर्डचं नाव ‘द सेकंड अ‍ॅन्युअल रिपोर्ट’! पहिला अहवाल दुकानात आलाच नव्हता. प्रती काढल्या 785.

त्यांची तालमीची जागा लंडनच्या हॅकनी भागात, एका जुन्या कारखान्याच्या तळघरात. तिला ते ‘डेथ फॅक्टरी’ म्हणत. तिथलं सामान बघण्यासारखं होतं. कार्टर हा हातानं वस्तू जोडणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेल्या सर्किटवरून त्यानं आवाज कुरतडणारी एक पेटी केली, तिचं नाव ‘ग्रिसलायझर’. क्रिस्टोफरसनला त्यानं एक कीबोर्ड जोडून दिला: एकेका पट्टीला एकेक कॅसेट प्लेयर. पट्टी दाबली की सूर नाही, कुणाचं तरी बोलणं ऐकू यायचं. हे काम करणारी यंत्रं पुढं दुकानात मिळू लागली. इथं ते डागकामानं चाललं होतं.

यंत्रांचं संगीत मात्र त्याआधीचं. 7 नोव्हेंबर 1922 रोजी बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव्ह या संगीतकारानं गिरण्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे आणि तोफा एकत्र वाजवल्या. रशियन क्रांतीचा वर्धापनदिन होता. भोंगा म्हणजे उद्याची हाक होती.

इंग्लंडात सत्तरच्या दशकाच्या शेवटी चित्र नेमकं उलटं. कारखान्यांना कुलपं लागत होती. ‘कॅबरे व्हॉल्तेर’ हा गट 1973 साली सुरू झाला तो शेफील्डमध्ये, म्हणजे पोलादाच्या गावात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते पोलाद आटत गेलं. माझं म्हणणं असं, की हे संगीत चालू कारखान्याचं नाहीच. भोंगा वाजायचा थांबल्यावर कानात जे घुमत राहतं, ते हे. तळघर स्वस्तात मिळतं, भंगार फुकट मिळतं, हेही त्यातच आलं.

पश्चिम बर्लिनच्या ‘आइनष्टुर्त्सेंडे नॉयबाउटन’ या गटाचं नावच ‘कोसळत्या नव्या इमारती’. पैसे नव्हते म्हणून त्यांच्या वादकानं ड्रम विकले आणि पत्रे बडवले. 1984 साली लंडनच्या एका रंगमंचावर ड्रिल चालवून मंचच फोडायला घेतला, तेव्हा कार्यक्रम थांबवावा लागला. गंमत आहे, पण गंमतच.

मला जास्त मोलाचे वाटतात ते ‘टेस्ट डिपार्टमेंट’वाले. दक्षिण लंडनमधल्या न्यू क्रॉसची पोरं. पिंपं, स्प्रिंगा, लोखंडी पाइप उचलून आणायची आणि घाम गाळून, तालात बडवायची. 1984-85 मध्ये कोळसा खाणकामगारांचा संप झाला, तेव्हा दक्षिण वेल्समधल्या संपकरी कामगारांच्या गायकवृंदाबरोबर त्यांनी रेकॉर्ड काढली, ‘शोल्डर टु शोल्डर’. एका बाजूला टाकून दिलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूला खाणीतून वर आलेल्या माणसांचे गळे. मार्च 1985 मध्ये संप मोडला.