एका सेकंदात मिळालेली तारीख

शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? मोबाइलला विचारा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर: १९ फेब्रुवारी १६३०. उत्तर बरोबर आहे. ते आलं कुठून, हे विचारणारे मात्र थोडेच.

सव्वाशे वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर लोकांनी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ सांगितलं असतं, म्हणजे १६२७. उशिराच्या बखरींत तसं होतं. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे वर्षवार टिपण. ओळीदोन ओळींत एकेक घटना. १९१६ मध्ये टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी वेगळीच होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०.

एका कागदावर भरवसा कसा ठेवायचा? वाद पेटला, आणि पेटायलाच हवा होता. त्या तिथीला शुक्रवार येतो का, हे गणिताने तपासता येतं. येतो. पुढे तंजावरला परमानंदाचं 'शिवभारत' सापडलं, महाराजांच्याच काळात रचलेलं संस्कृत काव्य. तिथी तीच. जोधपूरला कुंडली मिळाली, तीही जुळली. तीन ठिकाणं, एकमेकांपासून शेकडो कोस दूर. तरीही शासनाने ही तारीख स्वीकारायला २००१ साल उजाडलं.

आणखी एक गोम आहे. ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कालगणनेची. आज आपल्या भिंतीवर असतं त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. हे ज्याला ठाऊक नाही, तो उद्या कुठेतरी '१ मार्च' वाचेल. मग एक तर लिहिणाऱ्याला अडाणी ठरवेल, नाहीतर 'खरा इतिहास दडवला' म्हणत चार ग्रुपवर पुढे ढकलेल. तोलून पाहायला त्याच्याकडे असतं काय? नुसती तारीख.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, बहुतेक मोडी लिपीत. छापून निघाले ते त्यातले मूठभर. जे कुणी वाचलेलंच नाही, ते मोबाइल कुठून सांगणार? मोडीचे वर्ग आजही चालतात. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. लपेटीत, म्हणजे अक्षरं जोडत भरभर लिहिलेलं पत्र न अडखळता वाचायला वर्षं जातात.