आत्याचा चष्मा आणि आपलं पोस्ट

नमस्कार मंडळी. पोस्टाचं खासगीकरण करावं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, करू नये, आणि का ते कळायला आत्याच्या चष्म्याची गोष्ट ऐका.

माझी आत्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यात एका वाडीवर राहते, गाडीरस्ता संपला की पुढे पाऊण तास चाल. पुण्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नंबरचा चष्मा तयार व्हायच्या आधीच भातलावणी आली म्हणून ती गेली निघून. मी चष्मा घेऊन एका कुरिअरवाल्याकडे गेलो, त्यानं पिनकोड टाकला आणि म्हणाला, "इथं आमची सर्व्हिस नाही, तालुक्याला येऊन घ्या." अहो, जिला धड दिसत नाही तिनं भर पावसात तालुक्याला यायचं? मग लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं. पाचव्या दिवशी आत्याचा फोन, देवळाच्या पायरीवरून, कारण रेंज तिथंच येते. डाकसेवक आला होता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि पाकीट शर्टाच्या आत पोटाशी धरलेलं. पडवीत बसला, डबी उघडली, चष्मा पुसून तिच्या कानावर चढवला आणि म्हणाला, "आजी, पाकिटावरचं नाव वाचा बरं." तिनं वाचलं. वर्षभर दिसत नाही म्हणून अंगठा लावायची, त्या दिवशी तिनं सही केली!

हो, पिनकोडवरून आठवलं, १९७२ सालापासून तो आहे तरी आपल्याकडे पत्त्यात 'पुणे ३०' लिहून मोकळे होतात. सहाच्या सहा आकडे लिहा हो, पोस्टमनचे पाय वाचतात.

तर देशात १ लाख ६४ हजारांवर पोस्ट ऑफिसं, त्यातली दहापैकी नऊ खेड्यात. फायदा बघणारी कंपनी वाडीवर कशाला जाईल? पुन्हा सांगतो, कशाला जाईल? ब्रिटननं २०१३ मध्ये रॉयल मेल, म्हणजे तिथली सरकारी टपालसेवा, विकली, तेव्हा फर्स्ट क्लासचं, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पत्राचं, तिकीट ६० पेन्स होतं, २०२५ मध्ये १७० झालं, आणि त्याच वर्षी सेकंड क्लासची, म्हणजे स्वस्तातली, पत्रं रोज न वाटता एक दिवसाआड वाटायची मुभाही मिळाली.

पोस्ट सुधारायला हवंच, त्यात वाद नाही. पण तो पावसात भिजणारा ग्रामीण डाकसेवक आजही नियमित सरकारी कर्मचारी धरला जात नाही, सुधारणा तिथून सुरू करा ना.